मुठीला टाकी

माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही शेवटचे काही महिने मी अर्ध्या दिवसाचीच. तेव्हा चुकलेलं असेल ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर वाचणारं कोणी नसावं असंच मला वाटतं. नातीच्या मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून मी ही वही शिवली आहे आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवते. सुनेला वाटतं, मी दुपारची आडवी होते. लिहायला कारण एवढंच की परवा नातीनं सहज विचारलं, आजी, तू कधी पिस्तूल पाहिलंस का? मी म्हणाले, हातात घेतलंय, तर घरातले सगळे हसले. मीही हसले आणि गप्प बसले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, आजही नाही. पण त्या सात-आठ महिन्यांसारखे दिवस मला पुन्हा आले नाहीत. ते आठवले की अजून हाताच्या बोटांना मुंग्या येतात.

आमचं घर दगडाचं काम करणाऱ्यांचं. नांदेडला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची दोन खोल्यांची जागा होती आणि पुढच्या अंगणात दगडच दगड. अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटे, वरवंटे, खलबत्ते घडवायचे. सकाळी मला कोंबड्यानं कधी उठवलं नाही, टाकीनं उठवलं. टाकी म्हणजे आमची पोलादी छिन्नी. तिच्यावर हातोडी पडली की दगड कसा आहे ते आवाजावरून कळतं. चांगला दगड टणटण बोलतो, आतून चिरलेला दगड खोकतो. अप्पा तोंडानं फार बोलत नसत. मायच दोघांचं बोलून घ्यायची. नवा खलबत्ता झाला की त्यात पहिल्यांदा वाळू, मग जाडीभरडी ज्वारी, मग मीठ कुटायचं आणि ते सगळं टाकून द्यायचं. याला आम्ही खर काढणं म्हणतो, कारण नव्या दगडाची बारीक कच सुटत असते. चौथ्या वेळी माय त्यात शेंगदाणे, लसूण आणि लाल मिरची टाकून चटणी कुटायची. ती चटणी, गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी. दाताखाली कच आली तर खलबत्ता पुन्हा अप्पांकडे, नाही आली तर विकायला. आमच्या घरात माल पास करायचं काम पोटाकडे होतं.

माय गल्लोगल्ली फिरून जुन्या पाट्यांना टाकी लावायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. मग त्याच्यावर टाकीनं परत बारीक बारीक टिंबं मारायची, ओळीत, दाट, खोल. मी तिच्याबरोबर जायची. माझी टिंबं मायपेक्षा सारखी पडतात असं एकदा अप्पा म्हणाले आणि त्यातच माझी शाळा सुटली. मला त्याचं वाईट वाटलं का, ते आता नीट सांगता येत नाही. शाळेत मी फळ्यापुढे उभी राहिले की घामानं भिजायची. पाट्यापुढे बसले की माझा हात माझ्या आधी जायचा. ज्यांचा पाटा त्या घरच्या बायका चहा देताना काहीबाही विचारायच्या, माझं उत्तर मायच द्यायची. एका घरच्या बाईनं तर तीन वर्षांनी मायला विचारलं होतं की तुझी पोरगी मुकी हाय का ग. माय म्हणाली, मुकी न्हाई, साठवून राहिली.

त्या काळात मिक्सर घरोघरी आले आणि आमचं फिरणं कमी झालं. तरी काही घरं पाट्याची होती. त्यातलं एक मामींचं. त्या आमच्या मामी नव्हेत. त्यांच्याकडे लातूरची भाची शिकायला राहिली होती, ती मामी म्हणायची म्हणून आम्हीही म्हणू लागलो. भाचीचं नाव शिवलीला. तिच्या वडिलांची लातूरला धान्याची अडत होती. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, दोन घट्ट वेण्या आणि सतत चालणारं तोंड. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. एका सकाळी मी मागच्या पडवीत पाट्याला टाकी लावत होते आणि ती दाराआड उभी राहून एक हात लांब करून, एक डोळा मिटून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी रोखून धरत होती. ते पिस्तूल आहे हे कळल्यावर माझ्या हातची हातोडी माझ्याच अंगठ्यावर पडली.

ती हसत हसत बाहेर आली. म्हणाली, घाबरू नको, हे हवेवरचं आहे, ह्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा तुकडा निघतो आणि कागदाला भोक पडतं, बस. आता तर तेवढंही भरलेलं नव्हतं. ती शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये नेमबाजी शिकत होती. फौजेतून निवृत्त झालेले एक सर तिथं पाच-सहा मुलामुलींना शिकवायचे. ते देगलूरकडचे, बोलायला अगदी कमी. पिस्तूल त्यांचं होतं, शिवलीलाला सरावाला दिलेलं. तीन आठवड्यांनी लातूरला स्पर्धा होती. चाळीस गोळ्या मारायच्या, साडेतीनशेच्या वर गुण पडले की पुढच्या संघात नाव. वडिलांनी तिला एवढ्या एका स्पर्धेपुरतीच मुभा दिली होती. आणि अडचण होती ती मुठीची.

तिनं ती मूठ माझ्यापुढे धरली. काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंनी स्क्रूनं बसवलेल्या. सर त्याला पॉलिमर म्हणायचे. किती पोरांच्या हातांनी ती घासली गेली होती कोण जाणे, आंघोळीच्या साबणासारखी झाली होती. शिवलीलाच्या तळव्याला घाम फार. पहिल्या दहा गोळ्या बऱ्या जायच्या, मग मूठ हातात फिरायला लागायची. तिनं पावडर लावून पाहिली, फडकं गुंडाळून पाहिलं, सरांनी फडकं काढायला लावलं. मामी आतून ओरडल्या, "अगं, त्या पोरीला काम करू दे. सकाळधरनं मला ती मूठ दाखवून राहिली, आता पाटेवालीला दाखवून राहिली." शिवलीला म्हणाली, दाखवू नको तर काय करू, गुळगुळीत पाट्याला ह्या टाकी लावतात, माझ्या मुठीला कोण लावणार?

"मी लावते."

हे मीच बोलले. मायनं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाटाच बोलला. मला स्वतःचा आवाज इतका परका वाटला की मी लगेच खाली बघून टिंबं मारायला लागले, आणि त्या पाट्यावरची ती एक ओळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाकडी ओळ असेल. पण मला उठून पळावंसं वाटत होतं, भीतीनं नव्हे.

टाकीनं ते होणार नव्हतं, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. मी घरी एका तुटक्या बादलीची पट्टी घेऊन बसले होते. दगडावर टाकी मारली की कपची उडते. प्लास्टिक नुसतं दबतं आणि टाकी घसरते. मग दाभण चुलीत तापवलं. टोक टेकवताच ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि मी आनंदानं ओरडलेच. पण दोन टिंबांत दाभण गार व्हायचं. हे शिवलीलाला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी मामांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून सोल्डरिंग घेऊन आली. तारांना डाग द्यायचं ते यंत्र. लाकडी दांडा, पुढे तांब्याचं टोक, विजेवर तापतं आणि तापलेलंच राहतं. मी ते हातात धरलं आणि मला वाटलं, ही माझ्यासाठी केलेली टाकी आहे. हातोडीच नको. नुसतं टेकवायचं, दोन आकडे मोजायचे, उचलायचं.

पुढचे आठ दिवस मी मामींच्या पडवीत गावातलं सगळं मोडकं प्लास्टिक भाजलं. साबणाच्या डब्या, कंगवे, बादल्यांच्या कड्या, एक जुनी चप्पल. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. बादलीचं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं तार सोडायचं. कंगवा तडकायचा. कुकरची मूठ वितळायचीच नाही, नुसता वास मारायची. त्या वासानं मामींनी उदबत्त्या लावल्या, मग दार लावून घेतलं, मग शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय जळून राहिलं. मामी त्यांना म्हणाल्या, आमच्याकडे पाटेवालीची पोरगी कंगवे तळते. मी मान खाली घालून हसत होते. दर टिंबानंतर टोक ओल्या फडक्यावर पुसायचं, नाहीतर काळं चिकटतं, हे मला कोणी शिकवलं नाही. जोर द्यायचा नाही, यंत्राच्या वजनानंच खाली जाऊ द्यायचं, हेही. संध्याकाळी घरी गेले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपोआप टेकत राहायच्या. भाकरी थापतानासुद्धा मी तिच्यावर बोटांनी ओळी पाडायची आणि माय माझ्या हातावर चापट मारायची.

नवव्या दिवशी शिवलीलानं स्क्रू काढून दोन्ही पट्ट्या माझ्या मांडीवर ठेवल्या. सरांना नंतर सांगते म्हणाली. तिथंच थांबायला हवं होतं, पण मी कुठली थांबते. दुपारभर बसले. पाट्याला मारतो तशी टिंबं, दाट, खोल, एकाशेजारी एक, वरपासून खालपर्यंत, एक बोटभरही जागा मोकळी सोडली नाही. प्रत्येक टिंबाभोवती वितळलेलं प्लास्टिक वर येऊन त्याचा बारीक ओठ व्हायचा आणि गार झाल्यावर तो ओठ करकरीत लागायचा. मला तो करकरीतपणाच आवडत होता. नवी टाकी लावलेला पाटा असाच लागतो, हात फिरवला की कातडीला जाणवतो. पट्ट्या बसवून शिवलीलानं मूठ धरली, हात उलटा केला, झटकला, बोटं जवळजवळ सोडून दिली. पिस्तूल हललं नाही. ती मला धरून पडवीतल्या पडवीत फिरायला लागली. मामी दार उघडून बघतात तो आम्ही दोघी काळ्या हातांनी गरगर फिरतोय.

त्या संध्याकाळी मी नदीकडच्या उतारावरून घरी कशी आले ते मला आठवत नाही. जेवले नाही, जेवायचं सुचलंच नाही. अप्पांना म्हणाले, मी प्लास्टिकला टाकी लावली. अप्पांनी फक्त विचारलं, खर काढली का? मी म्हणाले, त्याला कच नसते अप्पा.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवलीला आमच्या अंगणात आली. ती आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती, आणि तिनं उजव्या हाताला रुमाल बांधला होता. सरावात दहाव्या गोळीपर्यंत बरं वाटलं. पंधराव्याला तळवा लाल झाला. विसाव्याला अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं निघालं आणि मुठीवर रक्त लागलं. तेव्हा सरांनी पाहिलं. ओरडले नाहीत. मूठ उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे करणाऱ्याला घेऊन ये.

माय माझ्याबरोबर आली. पत्र्याचा तो लांब हॉल, पलीकडच्या भिंतीला कागदाची निशाणं, अलीकडे टेबलं, आणि सगळी पोरं आपापली पिस्तुलं खाली ठेवून आमच्याकडे बघत होती. सरांनी मला ओळीनं विचारलं, कशानं केलं, किती वेळ लागला, कोणी शिकवलं. मी एकाचंही उत्तर देऊ शकले नाही, शिवलीलाच देत होती. मग ते म्हणाले की हात सुंदर आहे, काम चुकीचं आहे, आणि ह्या पट्ट्या इथं मिळत नाहीत, दिल्लीहून मागवाव्या लागतात, स्पर्धेच्या आत येणार नाहीत. मायनं किंमत विचारली. बाराशे. पाट्याला टाकी लावायचे आम्ही तेव्हा तीन रुपये घ्यायचो. सर लगेच म्हणाले की मी पैसे मागायला बोलावलं नाही, पोरीनं हौसेनं केलं. शिवलीलाही म्हणाली, पट्ट्या मीच दिल्या, मीच भरीन.

माय म्हणाली, "न्हाई साहेब. टाकी लावताना पाटा फुटला तर आमी नवा पाटा देतो. हिच्या हातानं बिघडलं, हीच देईल."

आमच्यात हे असंच आहे. पाटा कोणाचाही असो, आधीच चिरलेला असो, टाकी ज्याच्या हातात त्यानं भरायचं. त्यावर बोलणं नसतं. हे कुणी वाचलं तर म्हणेल, तुझ्या मायनं विनाकारण ओझं घेतलं. पण ते ओझं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी पडवीत कंगवे तळायचे सोडून दिले असते आणि गोष्ट संपली असती.

घरी येताना मी रडत होते, पण ते बाराशेसाठी नव्हतं. शिवलीलाचा तो रुमाल डोळ्यासमोरून जात नव्हता, आणि स्पर्धेला बाराच दिवस राहिले होते. मायनं वाटेत मला जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. ती म्हणाली, "आपण खोल का मारतो? पाटा झिजतो म्हणून. आज मारलेलं चार महिन्यांत घासून जातं, म्हणून जास्तीचं मारायचं. हे तुझं प्लास्टिक झिजत न्हाई. मग त्या पोरीचा हात झिजला."

रात्री अप्पांपुढे पट्ट्या ठेवल्या. सर म्हणाले होते, वाया गेल्याच आहेत, घेऊन जा. अप्पांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि एरवी तोंडही न उघडणाऱ्या माझ्या वडिलांनी मला सलग चार वाक्यं सांगितली. म्हणाले, खर फक्त दगडाला नसते. करकरीत लागतं तीच खर. वाळूनं काढ. आणि सगळीकडे कशाला मारलं, वरवंटा पाट्याला सगळीकडे टेकतो का?

वरवंटा पाट्याला कुठं टेकतो ते बघायला अप्पा गेरू वापरायचे. वरवंट्याला ओला गेरू फासायचा, पाट्यावर एकदा फिरवायचा. जिथं तांबडं उमटलं तिथं टेकतो, तेवढंच नीट करायचं. सकाळी उठल्याबरोबर मी गेरूची पुडी घेऊन मामींकडे पळाले. शिवलीलाच्या डाव्या हाताचा काही उपयोग नव्हता, उजव्याला जखम. मी म्हटलं, जखम सोडून लावते. तिनं तोंड वाकडं केलं पण हात पुढे केला. गेरूनं माखलेल्या हातानं तिनं मूठ धरली आणि सोडली. आम्ही दोघी खाली वाकून बघायला लागलो. मला अजून ते दिसतं, काळ्यावर तांबडं. तळव्याचा गुबगुबीत भाग पूर्ण उमटला होता. मधलं आणि करंगळीशेजारचं बोट जिथं दाबतात तिथं दोन ठसे होते. अंगठ्याच्या बेचक्यात, जिथं कातडं निघालं होतं, तिथं मुठीनं नुसतं टेकायचं होतं, धरायचं नव्हतंच. आणि चाप ओढणारं बोट मुठीला कुठं लागलंच नव्हतं, तरी तिथंही मी इमानानं शंभर टिंबं मारून ठेवली होती. मी हसायला लागले. शिवलीला म्हणाली, आमचा हात जळतोय आणि तू हसून राहिलीस. पण तिलाही हसू आलं.

मग काम सोपं झालं. सोपं म्हणजे लांबलचक, पण काय करायचं ते कळलेलं. नदीची बारीक वाळू पाण्यात कालवली, फडक्याला घेतली आणि पट्ट्या घासत बसले. टिंबांचे ओठ हळूहळू गेले, खड्डे राहिले. बेचक्याची जागा आणि चापाच्या बोटाची जागा घासून जवळजवळ सपाट केली. तळव्याखाली आणि दोन बोटांखाली वरचा करकरीतपणा काढला पण खोली ठेवली. दर थोड्या वेळानं मी पट्टी स्वतःच्या गालावर फिरवून पाहायची. हाताची कातडी आमची दगडासारखी, तिला काही कळत नाही; गालाला कळतं. गालाला बोचलं नाही तेव्हा थांबले. चार दिवस गेले. बोटांची टोकं सोलवटली, माय हळद-तेल लावून देत होती आणि मी सकाळी पुन्हा वाळूत.

जखमेवर खपली धरल्यावर शिवलीलानं ती मूठ धरली. तिनं हॉलमध्ये जाऊन चाळीस गोळ्या मारल्या. ह्या वेळी मीही गेले होते, दाराशी भिंतीला टेकून. तिला घाम येतच होता, पण तो त्या खड्ड्यांत उतरत होता आणि वरचे सपाट कंगोरे कोरडे राहत होते. हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. सरांनी मूठ पुसली, स्वतःच्या हातात धरली, हात लांब केला, बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, असंच लातूरला जाऊ दे.

लातूरला मी गेले ते शिवलीलाच्या हट्टानं. तिनं मायला सांगितलं की मूठ सैल झाली तर घट्ट कोण करणार. स्क्रू तर तिलाही फिरवता येत होते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी चालली होती आणि मी खिडकीला नाक लावून बसले होते. नांदेडच्या बाहेर एवढ्या लांब मी कधी गेलेच नव्हते. तिच्या घरी दारातच तिच्या वडिलांनी हात जोडून शरणार्थ म्हटलं. तो त्यांच्यातला नमस्कार, हे मला कळलं नाही, मी त्यांच्या पायाच पडले. तिच्या आईनं शेंगापोळी, दही आणि तूप वाढलं. तिला कोणी सांगितलं होतं की ही पोरगी बोलत नाही, म्हणून ती माझ्याशी मोठमोठ्यानं बोलत होती, बहिऱ्याशी बोलतात तशी. मी चार पोळ्या खाल्ल्या. इतकी चव मला नंतर कुठल्याच पोळीला लागली नाही.

स्पर्धेत सगळे निशाणाकडे बघत होते. मी तिच्या हाताकडे बघत होते. पहिल्या दहा. दुसऱ्या दहा. एकविसाव्याला ती नेहमी हात पुसायची; ती थांबली, तळव्याकडे पाहिलं आणि पुसल्याशिवायच पुन्हा मूठ धरली. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला. शेजारच्या बाईनं मला गप्प बसायला सांगितलं. गप्प बस असं मला जन्मात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. तीनशे सत्तावन्न पडले. तिच्या वडिलांनी कागदावरची भोकं स्वतः बोटांनी चाचपून पाहिली, मालाची पोती तपासतात तशी, आणि मान हलवून म्हणाले, चालू दे मग.

तिथल्या दोन मुलींनी शिवलीलाची मूठ पाहिली आणि तिनं बोट माझ्याकडे केलं. एक लातूरची, एक उदगीरची. त्यांच्या पट्ट्या मी नांदेडला घेऊन आले. मग त्यांच्या ओळखीच्या. एसटीच्या वाहकाबरोबर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पट्ट्या यायला लागल्या, बरोबर कागदावर गेरूनं उमटवलेला हाताचा ठसा. ठसा मागवायचं मला सुचलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. मोठे हात, बारके हात, एका मुलाची करंगळी अर्धीच होती, त्याच्यासाठी मी वेगळी आखणी केली. मामींच्या पडवीचा एक कोपरा माझाच झाला. मामी उदबत्ती लावायच्या आणि म्हणायच्या, आज कोणाचा हात आलाय? मी एका मुठीचे तीस रुपये घ्यायची. त्यातले पाच मायकडे द्यायची आणि पंचवीस सरांकडे नेऊन द्यायची. सर दर वेळी म्हणायचे, राहू दे. मी दर वेळी टेबलावर ठेवून यायची, एक शब्द न बोलता. दिल्लीच्या नव्या पट्ट्या आल्या होत्या, त्या तशाच खोक्यात पडून होत्या. शिवलीलानं त्या बसवूच दिल्या नाहीत.

शेवटचे पंचवीस द्यायला मी एकटी गेले. माय येते म्हणाली, मीच नको म्हणाले. हॉलमध्ये सराव चालला होता, सात-आठ पोरं, त्यातल्या पाचांच्या हातात माझी टिंबं होती. मी पैसे टेबलावर ठेवले. सरांनी उचलून खिशात घातले आणि मान हलवली. पण आमच्यात नुसतं तेवढ्यानं भागत नाही. फुटलेल्या पाट्याच्या जागी नवा पाटा दिला की घरच्या बाईला चार माणसांत, देणं संपलं, असं तोंडानं म्हणावं लागतं. ती म्हणेपर्यंत आम्ही उंबऱ्यावरून हलत नाही. मी तिथंच उभी राहिले. सरांनी विचारलं, आणखी काही? पोरांनी पिस्तुलं खाली ठेवून माझ्याकडे पाहायला सुरुवात केली होती.

मी म्हणाले, "सर, बाराशे झाले. फिटलं म्हणा."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. फौजेतला माणूस, खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "फिटलं."